कोलोससचा अबोल शिल्पकार

१८ जानेवारी १९४४ रोजी लंडनच्या वायव्येकडील डॉलिस हिल येथून एक अवजड यंत्र सुटे करून मालमोटारीने ब्लेचली पार्क या ठिकाणी रवाना झाले. डॉलिस हिलला ब्रिटिश टपाल खात्याचे संशोधन केंद्र होते, तर ब्लेचली पार्क ही बाहेरून एखाद्या श्रीमंताची बागबगीचा असलेली हवेली भासणारी, पण आत शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणारी अत्यंत गुप्त कचेरी होती. सात फूट उंचीच्या लोखंडी चौकटी, त्यांवर रांगेने बसवलेले सुमारे सोळाशे काचेचे व्हॉल्व्ह, टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले, असंख्य तारा आणि कागदी फीत फिरवण्यासाठी कप्प्या लावलेला एक सांगाडा असा तो सगळा पसारा होता. तो पुन्हा जोडून उभा करण्यात अडीच आठवडे गेले. ५ फेब्रुवारी रोजी यंत्राने पहिला खरा जर्मन संदेश हाताळला. यंत्राच्या निर्मात्याने त्या दिवशी आपल्या रोजनिशीत मोजून दोन गोष्टी टिपल्या. कोलोससने पहिले काम केले, ही एक. आणि घरी परतताना वाटेत मोटार बंद पडली, ही दुसरी.

रोजनिशी लिहिणाऱ्या या गृहस्थांचे नाव थॉमस हॅरोल्ड फ्लॉवर्स. सगळे त्यांना टॉमी म्हणत. त्यांनी उभारलेले कोलोसस हे मोठ्या प्रमाणावर व्हॉल्व्ह वापरून चालणारे जगातले पहिले इलेक्ट्रॉनिक गणनयंत्र होते, हे आज सर्वमान्य आहे. परंतु त्यानंतरची तीस वर्षे संगणकाच्या इतिहासावरील कोणत्याही पुस्तकात ना त्या यंत्राचा उल्लेख होता, ना त्यांचा.

फ्लॉवर्स यांचा जन्म २२ डिसेंबर १९०५ रोजी लंडनच्या ईस्ट एंड भागातील पॉप्लर या कामगारवस्तीत झाला. वडील गवंडीकाम करीत. घरात धाकटी बहीण जन्माला आल्याची बातमी कळली तेव्हा लहानग्या टॉमीने, बहिणीऐवजी मेकॅनोचा संच मिळाला असता तर अधिक बरे झाले असते असे मत दिले, अशी आठवण त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. महाविद्यालयात जाण्याइतकी घरची परिस्थिती नव्हती. वुलिच येथील सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यात त्यांनी यांत्रिकी कामाची चार वर्षे उमेदवारी केली. दिवसभर कारखान्यात राबायचे आणि संध्याकाळी लंडन विद्यापीठाच्या वर्गांना बसायचे, असा क्रम ठेवून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. १९२६ मध्ये ते टपाल खात्याच्या सेवेत शिरले. ब्रिटनमध्ये त्या काळी टेलिफोनही याच खात्याच्या अखत्यारीत होता. १९३० मध्ये त्यांची डॉलिस हिलच्या संशोधन केंद्रात नेमणूक झाली, आणि १९३५ मध्ये आयलीन ग्रीन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला पुढे दोन मुलगे झाले.

त्या काळचे स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे खडखडाट करणारा एक कारखानाच असे. ग्राहकाने क्रमांक फिरवला की विद्युतचुंबकाच्या जोरावर धातूची बोटे खटाखट पुढे सरकत आणि जोडणी होई. जिथे काही हलते तिथे झीज आली, तेलपाणी आले, दुरुस्ती आली. ही हलती बोटे काढून टाकून त्यांचे काम व्हॉल्व्हकडून करून घेता येईल काय, याचा शोध फ्लॉवर्स यांनी सुरू केला. व्हॉल्व्हमध्ये इलेक्ट्रॉनखेरीज काहीच हलत नाही, त्यामुळे तो रिलेच्या शेकडो पट वेगाने उघडझाप करू शकतो. पण व्हॉल्व्ह बेभरवशाचा, हा समज त्या वेळी सार्वत्रिक होता. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना तो समज कशावरून आला हे सांगायला नको. रेडिओ लावला की तो तापेपर्यंत वाट पाहायची आणि वर्षा-दोन वर्षांत केव्हातरी एखादा व्हॉल्व्ह जळाला म्हणून दुकानदाराकडे धाव घ्यायची! एका रेडिओत चार-पाच व्हॉल्व्ह. मग हजार व्हॉल्व्हच्या यंत्रात दर तासाला काहीतरी जळत राहणार, हा हिशेब कोणालाही पटण्यासारखाच होता.

फ्लॉवर्स यांचा अनुभव वेगळा होता. १९३४ च्या सुमारास त्यांनी एक हजार टेलिफोन लाइनींसाठी तीन ते चार हजार व्हॉल्व्ह असलेली प्रायोगिक यंत्रणा उभारली होती. पुढे १९३९ मध्ये तिचा मर्यादित प्रमाणात प्रत्यक्ष वापरही सुरू झाला. टेलिफोनची यंत्रणा रात्रंदिवस चालते, ती बंद करण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे त्यांच्या ध्यानात आले की व्हॉल्व्हचा घात मुख्यतः चालू-बंद करण्याने होतो. आतली तार तापते, निवते, पुन्हा तापते, आणि या प्रसरण-आकुंचनात तिचा जीव जातो. रेडिओ रोज चालू-बंद होतो, इकडून तिकडे हलवला जातो. व्हॉल्व्ह एकदा जागेवर बसवला, हळूहळू तापवला आणि त्यानंतर त्याला मुळीच विझू दिले नाही, तर तो वर्षानुवर्षे टिकतो. विद्यापीठातल्या पंडितांना ठाऊक नसलेली ही गोष्ट टेलिफोनच्या कामात मुरलेल्या माणसाला ठाऊक होती, आणि पुढच्या साऱ्या कथेचा पाया तीच आहे.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या तोंडावर, ऑगस्ट १९३९ मध्ये, फ्लॉवर्स खात्याच्या कामासाठी बर्लिनमध्ये होते. ब्रिटिश वकिलातीकडून तातडीने निघून जाण्याची सूचना मिळताच ते निघाले आणि सीमा बंद होण्याच्या काही तास आधी जर्मनीबाहेर पडले. काही तासांचा उशीर झाला असता तर युद्धाची वर्षे त्यांना जर्मनांच्या नजरकैदेत काढावी लागली असती आणि कोलोसस बहुधा झालेच नसते.

ब्लेचली पार्कशी त्यांचा संबंध १९४१ च्या फेब्रुवारीत आला. गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांना एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राच्या कामासाठी रिलेंवर चालणारे एक उपकरण हवे होते. त्यांनी डॉलिस हिलचे प्रमुख गॉर्डन रॅडली यांच्याकडे मदत मागितली आणि रॅडली यांनी फ्लॉवर्स यांना पुढे केले. ते उपकरण पुढे लागले नाही, परंतु ट्यूरिंग यांच्यावर या अभियंत्याची छाप पडली. दुसरे गणितज्ञ मॅक्स न्यूमन यांना यंत्राच्या बाबतीत अडचण आली, तेव्हा फ्लॉवर्स यांचे नाव ट्यूरिंग यांनीच सुचवले. कोलोसस ट्यूरिंग यांनी बांधले आणि ते एनिग्मा फोडण्यासाठी होते, असे आजही अनेक ठिकाणी छापून येते. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

न्यूमन यांची अडचण लोरेंझ या वेगळ्याच यंत्रापायी होती. एनिग्मा सैन्याच्या तुकड्या, पाणबुड्या वापरीत. लोरेंझ मात्र हिटलरचे सरसेनानी आणि बर्लिनचे मुख्यालय यांच्यातील टेलिप्रिंटर संदेशांसाठी होते. त्यात बारा चक्रे होती आणि चक्रांच्या कडांवर मिळून ५०१ खुंट्या. यंत्र संदेशातील प्रत्येक अक्षरात चक्रांतून निघालेले एक अक्षर मिसळून त्याचे रूप पालटून टाकी. ३० ऑगस्ट १९४१ रोजी एका जर्मन यंत्रचालकाने सुमारे चार हजार अक्षरांचा एक संदेश आळसाने, थोडे शब्द गाळून, चक्रांची तीच मांडणी ठेवून दुसऱ्यांदा पाठवला. एवढ्या चुकीवरून जॉन टिल्टमन यांनी मिसळलेली अक्षरमाला वेगळी काढली, आणि तरुण गणितज्ञ बिल टट यांनी ते यंत्र कधी डोळ्यांनीही न पाहता त्याच्या बाराही चक्रांची रचना कागदावर मांडून दाखवली. संदेशाच्या आरंभी चक्रे कोणत्या स्थितीत होती हे ओळखण्याची रीतही टट यांनी शोधली. पण ती रीत निव्वळ मोजदादीची होती. पहिल्या दोन चक्रांवर अनुक्रमे ४१ आणि ३१ खुंट्या, म्हणजे त्यांच्या आरंभस्थिती १,२७१. दर स्थितीसाठी सबंध संदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत पडताळायचा, विशिष्ट जुळणी किती वेळा होते ते मोजायचे आणि ज्या स्थितीला आकडा सर्वांत चढा येईल ती बहुधा खरी मानायची. हाताने हे करू जाता युद्ध संपून गेले असते.

म्हणून न्यूमन यांनी एक यंत्र करवून घेतले. ते जून १९४३ मध्ये ब्लेचली पार्कला आले. त्याचे रूप पाहून तिथल्या लोकांनी त्याला हीथ रॉबिन्सन हे नाव दिले. विचित्र यंत्रांची चित्रे काढण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या व्यंगचित्रकाराचे ते नाव. या यंत्रात दोन कागदी फिती एकमेकींच्या बरोबरीने धावत. एकीवर संदेश, दुसरीवर चक्रांच्या खुंट्यांची मांडणी. दोन्ही दातेरी चाकांवर ओढल्या जात. कागदाची भोके ताणली जात, फिती मागेपुढे सरकत आणि बऱ्याचदा फाटत. एकच काम दोनदा दिले तर दोन निराळे आकडे येत. या यंत्रातील एक भाग सुधारण्यासाठी फ्लॉवर्स यांना बोलावण्यात आले. त्यांनी यंत्र पाहिले आणि ते मुळातूनच टाकून द्यावे, असे मत दिले.

त्यांची योजना थोडक्यात अशी होती. दुसरी फीत हवीच कशाला? चक्रांच्या खुंट्या व्हॉल्व्हच्या मंडलांतच साठवाव्यात आणि तिथेच फिरवाव्यात. मग उरते संदेशाची एकच फीत. तिला दातेरी चाकाने ओढण्याचीही गरज नाही, गुळगुळीत कप्प्यांवरून ती पळू द्यावी. फितीच्या मध्यावर जी बारीक भोकांची ओळ असते, तिच्यावर प्रकाश टाकून मागे बसवलेल्या प्रकाशविद्युत घटाने ती टिपावी, आणि प्रत्येक भोकासरशी यंत्राने एक पाऊल पुढे टाकावे. फीत किंचित वेगाने पळाली वा मंदावली तरी यंत्र आपोआप तिच्या चालीने चालेल. ताल धरण्याचे काम कागदाच्या ताकदीवर न ठेवता प्रकाशावर सोपवले, की फीत फाटण्याचे मूळच नाहीसे होई.

अडचण एकच होती. या योजनेला दीड हजारांहून अधिक व्हॉल्व्ह लागणार होते. ब्लेचली पार्कच्या जाणत्या मंडळींनी तोच जुना हिशेब मांडला. एवढे व्हॉल्व्ह एकाच वेळी शाबूत राहणे अशक्य. शिवाय यंत्र व्हायला वर्षभर लागेल, तोवर युद्धाचा निकाल लागून गेलेला असेल. त्यांनी फ्लॉवर्स यांना मनाई केली नाही, पण पाठिंबाही दिला नाही, आणि आणखी रॉबिन्सन यंत्रांची मागणी नोंदवली. त्यांचा अविश्वास अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही. त्यांनी पाहिलेले व्हॉल्व्ह रेडिओतले, सतत हलवले जाणारे, चालू-बंद होणारे होते. फ्लॉवर्स यांच्यापाशी मात्र आपल्या एक्स्चेंजच्या अनुभवाशिवाय दाखवण्यासारखे काही नव्हते.

रॅडली यांनी त्यांना डॉलिस हिलमध्ये मोकळीक दिली. फेब्रुवारी १९४३ पासून सुमारे दहा महिने सिडनी ब्रॉडहर्स्ट, विल्यम चँडलर आणि मोठ्या संख्येने तंत्रज्ञ दिवसरात्र खपले. आपण जोडत असलेला भाग कशासाठी आहे हे त्यांतील बहुतेकांना ठाऊक नव्हते. फ्लॉवर्स यांनी या कामात स्वतःच्या खिशातले पैसेही घातले. फितीचा वेग ठरवण्यासाठी त्यांनी प्रयोग केला. फीत अधिकाधिक वेगाने पळवत नेली. सेकंदाला ९,७०० अक्षरे, म्हणजे ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर, एवढ्या वेगाला कागदाच्या चिंध्या होऊन खोलीभर उडाल्या. मग सेकंदाला ५,००० अक्षरे हा वेग कायम करण्यात आला. तोही थोडा नव्हता. फीत ताशी सुमारे पंचेचाळीस किलोमीटर वेगाने पळे.

डिसेंबर १९४३ मध्ये यंत्र डॉलिस हिलला चालू झाले आणि जानेवारीत ब्लेचली पार्कच्या एफ ब्लॉकमध्ये आले. त्याच्या आकारावरून त्याला कोलोसस, म्हणजे महाकाय, हे नाव पडले. तिथल्या लोकांनी त्याची परीक्षा घेण्यासाठी उत्तर आधीच ठाऊक असलेले एक काम त्याला दिले. उत्तर बरोबर आले. पुन्हा तेच काम दिले, पुन्हा तेच उत्तर आले. तासन्‌तास यंत्र तोच आकडा देत राहिले, तेव्हा रॉबिन्सनच्या लहरींना सरावलेली ती मंडळी चकित झाली. फ्लॉवर्स यांना चकित होण्यासारखे त्यात काही वाटले नाही. टेलिफोन यंत्रणेने दर वेळी त्याच क्रमांकाला जोडून द्यावे, इतकीच त्यांची यंत्राकडून अपेक्षा असे.

कोलोसस चालवण्याचे काम महिला नौदलातील तरुण मुलींकडे होते. बहुतेकींचे वय वीसच्या आतबाहेर. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत चोवीस तास काम चाले. संदेशाची फीत घ्यायची, तिची दोन टोके डिंकासारख्या चिकट द्रवाने जोडून वेटोळे करायचे, जोडावर शंखजिऱ्यासारखी पूड लावून ती गरम चिमट्यात दाबायची. जोड कच्चा राहिला तर फीत भर वेगात सुटायची. मग ती कप्प्यांच्या सांगाड्यावर चढवायची. त्या सांगाड्याला पलंगाच्या चौकटीचे नाव पडले होते. त्यावर एकाच वेळी दोन फिती चढवण्याची सोय होती, म्हणजे एक धावत असताना दुसरी तयार ठेवता येई. चक्रांची मांडणी खुंट्या आणि स्विच लावून यंत्राला सांगितली जाई. फीत फिरू लागली की मोजदाद सुरू होई, आणि आकडा ठरवलेल्या मर्यादेपेक्षा चढला की बाजूचे विजेवर चालणारे टंकयंत्र आपोआप तो छापून काढी. पाच हजार अक्षरांचा संदेश असेल तर एका फेरीला एक सेकंद लागे. १,२७१ स्थिती तपासायला वीस-एकवीस मिनिटे. उलगडा झालेला मजकूर यंत्र देत नसे, ते केवळ पहिल्या काही चक्रांची स्थिती हाती ठेवी. पुढचे काम भाषा जाणणारे लोक शेजारच्या विभागात हातानेच करीत.

खोलीत कायम उकाडा असे. शेकडो तापलेल्या व्हॉल्व्हची धग इंग्लंडच्या कडाक्याच्या थंडीतही जाणवे. सुधारित कोलोससला तर साडेआठ किलोवॅट वीज लागे, आणि त्यातली बहुतेक अखेर उष्णता होऊनच बाहेर पडे. यंत्र थांबवले तरी व्हॉल्व्ह मात्र विझवायचे नाहीत, हा नियम फ्लॉवर्स यांनी घालून दिला होता आणि तो पाळला जाई.

पहिल्या यंत्राची करामत पाहताच ब्लेचली पार्कची भूमिका पालटली. मार्चमध्ये आणखी यंत्रांची मागणी आली, आणि त्यांतले निदान एक १ जूनपर्यंत हवे असे बजावण्यात आले. कारण सांगितले गेले नाही. नवे यंत्र सुमारे चोवीसशे व्हॉल्व्हचे होते आणि फितीवरील पाच अक्षरांची एकाच वेळी तपासणी करीत असल्याने त्याचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला २५,००० अक्षरे इतका झाला होता. ॲलन कूम्ब्ज हेही आता या कामात होते. ३१ मेच्या रात्री यंत्र उभे होते, पण चालत नव्हते. कुठल्याशा मंडलात नको ते विद्युत कंप उठत होते आणि त्यांचे मूळ सापडेना. मध्यरात्र उलटल्यावर थकलेली मंडळी घरी गेली. चँडलर एकटेच मागे राहिले. पहाटेच्या सुमारास खोली गरम ठेवणारा नळ गळू लागला आणि पाण्याचे थारोळे उच्च दाबाच्या विजेच्या भागाकडे सरकू लागले. त्यातूनही त्यांनी दोष शोधून काढला. सकाळी सहकारी परतले तेव्हा यंत्र चालू होते. पाच दिवसांनी, ६ जून १९४४ रोजी, दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या.

त्या आक्रमणाच्या आदल्या दिवशी कोलोससच्या मदतीने उलगडलेला हिटलरचा एक संदेश आयझेनहॉवर यांच्या हाती देण्यात आला आणि त्यावरून त्यांनी निर्णय घेतला, अशी हकिकत फ्लॉवर्स पुढे सांगत असत. इतिहासकारांना ती तशीच्या तशी मान्य नाही. एक संदेश पुरता उलगडायला बऱ्याचदा काही दिवस लागत. पण हिटलरला खरे आक्रमण कॅलेच्या बाजूने होणार असे वाटत आहे, हे दोस्तांना लोरेंझ संदेशांतून कळत होते, याबद्दल मात्र दुमत नाही. उन्हाळ्यानंतर जर्मन खुंट्यांची मांडणी महिन्याऐवजी रोज बदलू लागले. कोलोससखेरीज त्यांना गाठणे शक्यच झाले नसते. युद्ध संपले तेव्हा दहा कोलोसस कामावर होते आणि अकरावे उभे राहत होते. त्यांच्या साह्याने सहा कोटींहून अधिक अक्षरांचे जर्मन संदेश उलगडले गेले होते.

मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला, आणि काही महिन्यांतच यंत्रे मोडण्याचा हुकूम निघाला. दहापैकी आठ खिळखिळी करण्यात आली. उरलेली दोन गुप्तहेर खात्याने आपल्याकडे नेली. ती १९६० च्या आसपासपर्यंत गुपचूप वापरात होती. नकाशे, आराखडे, कागदपत्रे नष्ट करण्याची आज्ञा फ्लॉवर्स यांना झाली. ती सर्व कागदपत्रे त्यांनी डॉलिस हिलच्या बॉयलरच्या भट्टीत घालून जाळली. ज्या मंडलांसाठी दहा महिने रात्रीचा दिवस केला, त्यांचे आराखडे त्यांनीच आगीत टाकले. गोपनीयतेच्या शपथेमुळे याविषयी घरीही बोलता येत नव्हते.

१९४३ मध्ये त्यांना एमबीई हा किताब मिळाला होता. युद्धानंतर सरकारने एक हजार पौंडांचे पारितोषिक दिले. त्यातून त्यांनी पदरचे घातलेले पैसेही पुरते वसूल झाले नाहीत, आणि तरीही त्यांनी ती रक्कम सहकाऱ्यांत वाटली. कोलोसससारखेच आणखी एक यंत्र बांधण्यासाठी त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडे कर्ज मागितले, तेव्हा असे यंत्र चालणे शक्य नाही या कारणावरून ते नाकारण्यात आले, असे सांगितले जाते. तशी दहा यंत्रे आपण चालवली आहेत, हे त्यांना सांगण्याची मुभा नव्हती. १९४३ मध्ये त्यांच्यापाशी पुरावा नव्हता. आता पुरावा होता, पण तो भट्टीत गेला होता आणि उरलेला ओठांवर आणता येत नव्हता.

फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एनिॲक हे सुमारे अठरा हजार व्हॉल्व्हचे यंत्र समारंभपूर्वक जाहीर झाले. जगातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक म्हणून त्याचा सर्वत्र गाजावाजा झाला आणि ब्रिटिश मंडळींनी तो निमूटपणे ऐकून घेतला. न्याय करायचा तर एनिॲकची झेप मोठी होती. ते सर्व प्रकारची आकडेमोड करू शके. कोलोसस एकाच कामासाठी घडवलेले होते आणि आजच्या अर्थाने त्यात आज्ञावली साठवण्याचीही सोय नव्हती. पण हजारो व्हॉल्व्ह एकत्र नांदू शकतात हे कोलोससने दोन वर्षे आधीच दाखवून दिले होते.

हे ज्यांनी आतून पाहिले होते, त्यांना त्याचा उपयोग झालाच. न्यूमन मँचेस्टर विद्यापीठात गेले आणि १९४८ मध्ये तिथेच आज्ञावली साठवणारा पहिला संगणक चालला. ट्यूरिंग यांनी आपल्या नव्या संगणकाच्या उभारणीसाठी पुन्हा डॉलिस हिलकडे धाव घेतली. परंतु युद्धात मोडकळीस आलेले ब्रिटनचे टेलिफोनचे जाळे सावरण्याचे काम टपाल खात्याच्या डोक्यावर होते, फ्लॉवर्स यांना त्यासाठी माणसे देता आली नाहीत. त्यांचे सहकारी कूम्ब्ज आणि चँडलर यांनी त्या आराखड्याच्या आधाराने मोझेक नावाचा संगणक १९५० च्या दशकाच्या आरंभी उभा केला, तोही संरक्षण खात्यासाठी आणि गाजावाजा न होता.

फ्लॉवर्स आपल्या मूळ ध्येयाकडे, संपूर्ण इलेक्ट्रॉनिक टेलिफोन एक्स्चेंजकडे वळले. तिथेही त्यांच्या मागण्यांवर शंका घेतल्या जात, आणि शंका घेणाऱ्यांना त्यांच्या युद्धकाळातील कामाची कल्पनाच नसे. लंडनमधील हायगेट वूड येथे १९६२ मध्ये असे एक्स्चेंज सुरू झाले, पण ते फार दिवस चालले नाही. १९५७ मध्ये सरकारी बचतरोख्यांच्या सोडतीसाठी यदृच्छेने क्रमांक काढणारे अर्नी हे यंत्र मात्र ब्रिटनमध्ये घरोघरी माहीत झाले. डॉलिस हिलच्या ज्या हातांनी कोलोसस जोडले होते, त्यांतलेच काही हात त्यामागे होते. वर्तमानपत्रांतून अर्नीची छायाचित्रे झळकत होती, त्याच्या थोरल्या भावंडाचे नाव घेण्यास बंदी होती. १९६४ मध्ये फ्लॉवर्स यांनी टपाल खाते सोडले. काही वर्षे एका खासगी टेलिफोन कंपनीत काम करून ते निवृत्त झाले.

ब्लेचली पार्कचे रहस्य १९७४ पासून थोडेथोडे उघड होऊ लागले. न्यूकॅसल विद्यापीठातील ब्रायन रँडेल यांनी सरकारकडे सतत पाठपुरावा केल्यावर १९७५ मध्ये कोलोससची काही छायाचित्रे खुली झाली. १९७६ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे भरलेल्या संगणक-इतिहासाच्या परिषदेत रँडेल यांनी या यंत्राची हकिकत सांगितली, तेव्हा सभागृहातले संगणकाचे आद्य जाणकार अवाक् झाले. पुढच्याच वर्षी न्यूकॅसल विद्यापीठाने फ्लॉवर्स यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. गवंड्याच्या या मुलाचे वय तेव्हा एकाहत्तर होते. १९८३ मध्ये त्यांनी स्वतः कोलोससच्या रचनेवर एक लेख प्रसिद्ध केला. कागदपत्रे जळाली होती, तेव्हा बरेचसे स्मरणातूनच लिहावे लागले. १९९३ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी लंडनच्या हेंडन महाविद्यालयातून वैयक्तिक संगणक वापरण्याचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करून त्याचे प्रमाणपत्र मिळवले.

त्याच वर्षी टोनी सेल या अभियंत्याने ब्लेचली पार्कमध्ये कोलोसस पुन्हा बांधायला घेतले. हाताशी होती युद्धकाळातली आठ छायाचित्रे आणि काही जुन्या तंत्रज्ञांनी नियम मोडून जपून ठेवलेली मंडलांची तुरळक रेखाटने. जागा निवडली ती एच ब्लॉकमधली, जिथे युद्धात नववे कोलोसस उभे होते. भाग जमवायला ब्रिटनमधील निकालात निघालेली जुनी टेलिफोन एक्स्चेंजे कामी आली. शंकेच्या जागी सेल यांना फ्लॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना विचारता आले. ६ जून १९९६ रोजी ड्यूक ऑफ केंट यांच्या हस्ते यंत्र सुरू झाले, तेव्हा नव्वदीचे फ्लॉवर्स तिथे हजर होते. पहिल्या कोलोससच्या वेळी प्रेक्षागार नव्हते. या वेळी छायाचित्रकारांची गर्दी होती.

२८ ऑक्टोबर १९९८ रोजी लंडनमधील मिल हिल येथे वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. एच ब्लॉकमधले काम तेव्हा अजून चालूच होते. यंत्राला चोवीसशे व्हॉल्व्हच्या कोलोससचे पूर्ण रूप २००७ मध्ये आले.